हार्ड डिस्क, पडदा आणि दिवाळ्याचं पाणी

बुधवार, नौपाडा

सकाळी साडेआठला टेम्पो आला तेव्हा आमचं सगळं सामान ठाणे स्टेशनाबाहेर फुटपाथवर मांडलेलं होतं. प्रोजेक्टर, दोन स्पीकर, घडीचा आठ फुटी पडदा आणि त्याचा सांगाडा, तीन एक्स्टेन्शन बोर्ड, काळ्या कापडाचा एक तागा, चिकटपट्ट्यांची पिशवी. हार्ड डिस्क मात्र माझ्याच सॅकमध्ये, पोटाशी. तिच्यात 19 फिल्म होत्या, सगळ्या मिळून 2 तास 46 मिनिटांच्या. मास मीडिया, ॲनिमेशन, उपयोजित कला शिकणाऱ्या मुलामुलींनी केलेल्या. पाच दिवस, पाच जागा, ठाणं आणि नवी मुंबई. माझ्याकडे प्रोजेक्शनचं काम.

एरवी मी एडिटिंग करते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या फिल्मचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. सहा महिने मुलं तिच्यापायी झोप घालवतात. परीक्षेच्या दिवशी बंद खोलीत दोन-तीन परीक्षक ती बघतात, मार्क देतात आणि विषय संपतो. मग लिंक नातेवाइकांना जाते. ते ती बघतात, पण लोकलमध्ये, एका कानात इअरफोन घालून, मध्येच दोन फोन घेऊन. अनोळखी माणसं अंधारात शेजारी शेजारी बसून आपली फिल्म बघतायत आणि आपण मागच्या रांगेतून त्यांच्या मानांकडे बघतोय, हे बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. या फिरत्या महोत्सवात चार वर्षं मी जातेय ती त्या मागच्या रांगेसाठी.

पहिला खेळ एका शाळेच्या सभागृहात. तिथली भिंतीतून ओढलेली पंधरा मीटरची एचडीएमआय केबल दर दोन मिनिटांनी चित्र सोडत होती. लांब केबलमध्ये सिग्नल अशक्त होत जातो, त्यात ही कोपऱ्यात काटकोनात वाकवलेली. शेवटी लॅपटॉपच प्रोजेक्टरशेजारी नेऊन ठेवला, आमची दोन मीटरची केबल लावली आणि स्पीकरची वायर लांब ओढली. आवाज लांबचा प्रवास सोसतो, चित्र सोसत नाही.

आवाजाचं काम मी आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं. फोनवर ऐकून मिक्स केलेली फिल्म सभागृहात एकतर पुटपुटते नाहीतर अंगावर येते. म्हणून सगळ्या फाइल ऐकून वहीत प्रत्येकीसमोर आकडा लिहिला होता, आवाज किती वर, किती खाली. एकीत संवाद फक्त डाव्या स्पीकरवर येत होते, ते दोन्हीकडे करून घेतले. एक मोबाइलवर काढलेली. मोबाइल उजेड बघून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो आणि एडिटिंगला बसलं की ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. तिच्या दिग्दर्शिकेला रात्री अकराला उठवलं, तिने पहाटे तीनला दुरुस्त फाइल पाठवली.

उभी काढलेली फिल्म एकच होती, चाळीतल्या जिन्यावरची. आठ फूट रुंद पडद्यावर ती अडीच फुटांची पट्टी होते, दोन्ही बाजूंना काळोख. आमच्यातलं कुणी म्हणालं, वरून-खालून कापून आडवी करून घेऊ. मी नको म्हटलं. जिना उभाच असतो. आणि खरंच, त्या पट्टीत कळशी घेऊन चढणारी बाई दिसली तेव्हा अख्खं सभागृह मान वर करून तिच्याबरोबर चढत होतं.

ठाणेकर हा नाटकाचा प्रेक्षक. गडकरी रंगायतन 1978 पासून इथे उभं आहे आणि इथल्या माणसाला कुठे थांबायचं, कुठे टाळी द्यायची हे उपजत कळतं. सगळ्यात मोठी टाळी पडली ती अकरा मिनिटांच्या एका माहितीपटाला. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका कोळीण काकूंची एक सकाळ. नवरा होडी घेऊन जातो, डोल जाळ्यातला माल घेऊन येतो, काकू तो निवडतात, टोपली भरतात, बाजाराला निघतात. त्यात 43 सेकंदांचा एक शॉट आहे, नुसते हात. ओल्या ढिगातून कोळंबी उचलायची, बोटांतच तिचा आकार तोलायचा आणि न बघता उजवीकडे किंवा डावीकडे टाकायची. हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटावरून मागे सारलेल्या, अंगठ्यावर जुना व्रण, नखाशी चिकटलेलं पारदर्शक कवच. मी हा शॉट पंधरा वेळा तरी पाहिला असेल. एडिटर म्हणून सांगते, तो एका सेकंदानेही कमी करता येणार नाही.

फिल्म करणारा मुलगा एकवीस वर्षांचा. टाळ्या संपल्या तरी तो खुर्चीतून उठेना. रात्री तलावपाळीला आम्ही सगळे शेंगदाणे खात बसलो तेव्हाही तो गप्पच होता. त्या दिवशीचं दुपारचं जेवण म्हणजे मामलेदारची मिसळ, तिखटाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

गुरुवार, येऊर

उपवनच्या पुढे चढ लागला आणि हवा बदलली. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतला हा भाग बिबट्यांचा आहे, रात्री बाहेरच्या माणसांनी तिथे रेंगाळू नये हेच योग्य. म्हणून इथला खेळ दुपारी दोनला, एका पाड्यावरच्या समाजमंदिरात.

दुपारी दोनला प्रोजेक्टर लावणं म्हणजे उन्हाशी झगडणं. आमचं काळं कापड तीन खिडक्यांना पुरलं, खिडक्या होत्या सात. बायकांनी घरून गोधड्या आणल्या. दारावर सतरंजी. तरी कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडद्यावर पडतच होते आणि फिल्म सुरू झाल्यावर पुढे बसलेली मुलं ते कवडसे हाताने झेलत होती. मी त्यांना थांबवलं नाही.

इथे आम्ही निवडून सात फिल्म दाखवल्या. मुलांना आवडली ती कणकेच्या मुंगीची. तीन मिनिटांची. एक मुंगी तांदळाचा दाणा ओढत ओट्यावरून खिडकीपर्यंत नेते, एवढीच गोष्ट. हे करायला सेकंदाला 12 फोटो लागतात. प्रत्येक फोटोआधी मुंगीचे पाय सुईने केसभर हलवायचे. तीन मिनिटांना 2160 फोटो. मुंबईत 1896 च्या 7 जुलैला वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली, तेव्हाचे तुकडे मिनिटभराचेही नव्हते आणि माणसं थक्क झाली होती. त्यामुळे तीन मिनिटांची फिल्म छोटी असं मला कधीच वाटत नाही.

ही फिल्म करणारी मुलगी आमच्याबरोबर वर आली होती. तिच्या मनात एक सल होता. कणीक सुकते, तिला भेगा पडतात. दर दोन तासांनी तिला नवी मुंगी वळावी लागायची आणि ते पडद्यावर दिसतं. भेगाळलेली मुंगी अचानक गुळगुळीत होते. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं होतं म्हणे.

फिल्म संपली आणि पहिल्या रांगेतली एक सहा-सात वर्षांची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "ती म्हातारी झाली, मग तिची मुलगी आली, मग ती पण म्हातारी झाली. किती जणींनी मिळून नेला तो दाणा?"

करणारीने सांगितलं, नऊ जणींनी.

मग मुलांना ती परत बघायची होती, मुंग्या मोजायला. दोनदा लावली. दुसऱ्यांदा अख्खी खोली मोठ्याने मोजत होती.

शुक्रवार, कोपरखैरणे

सामान टेम्पोने गेलं, मी आणि डिस्क ट्रान्स हार्बर लोकलने. नऊ नंबरवर गाडीची वाट बघताना मला ठाण्याबद्दल नेहमी वाटतं तेच वाटलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावून इथेच येऊन थांबली. 14 डबे, 400 पाहुणे. म्हणजे या देशात गाडीतून उतरणारा पहिला माणूस ठाण्यात उतरला. आज त्याच स्टेशनातून मी 19 पोरांची मेहनत मांडीवर घेऊन निघाले होते. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, डावीकडे पारसिकचा डोंगर, की कोपरखैरणे आलंच.

खेळ माथाडी वसाहतीत होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवरून माल वाहणारे कामगार. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं आणि 1969 साली त्यांच्यासाठी कायदा झाला. बाजारपेठा मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आल्या तशी ही माणसंही आली. बहुतेकांची गावं सातारा, सांगलीकडची.

इथल्याच एका मुलाची नऊ मिनिटांची फिल्म यादीत होती. त्याचे वडील कांदा-बटाटा मार्केटला आहेत. फिल्ममध्ये सलग चार मिनिटं कुणी बोलत नाही. पन्नास किलोची गोण पाठीवर येते, माणूस वाकतो, चालतो, थप्पीवर ती सोडतो, परत वळतो. गोण पडल्याचा आवाज असा की खालची फरशी दबल्यासारखी वाटते. माझ्या वहीत या फिल्मसमोर फक्त "हात लावू नये" असं लिहिलेलं होतं.

वडील पाळी संपवून थेट आले. बसायला खुर्ची दिली तर नको म्हणाले, दाराशी टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले. फिल्म संपल्यावर माणसं मुलाभोवती जमली. गर्दी पांगल्यावर वडील पुढे आले आणि एवढंच विचारलं, "पोत्याचा आवाज कसा धरलास रं?"

मुलगा म्हणाला, "मोबाइल रिकाम्या पोत्यात गुंडाळून थप्पीत ठेवला होता, आप्पा."

वडिलांनी थोडा विचार केला. "कितव्या थराला?"

"तिसऱ्या."

"मग बरोबर," ते म्हणाले. "तिसऱ्याला असाच येतो."

मागे आवरताना एक आजोबा प्रोजेक्टरपाशी येऊन उभे राहिले, त्याच्या गरम हवेवर हात धरून. त्यांच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये कनात, एका बाजूला बायका, एका बाजूला गडी. रीळ बदलेपर्यंत पुढचं काय होणार यावर तंबूत पैजा लागायच्या. एक ट्रक भरून मशीन यायचं, म्हणाले, आणि माझी डिस्क तळहातावर घेऊन बघितली. मला ते फार आवडलं. आम्ही फिरतो ती वाट त्या तंबूवाल्यांचीच आहे. जिथे माणसं आहेत तिथे पडदा न्यायचा, हे त्यांनी आमच्या कितीतरी आधी केलं.

शनिवार, दिवाळे

आज फिल्म आपल्या गावी जाणार होती.

दिवाळे गाव बेलापूरच्या टोकाला, खाडीला लागून आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर हे नवं शहर उभं राहिलं, पण दिवाळ्यासारखी गावं त्याच्या आधीपासूनची आहेत आणि त्यांचं घड्याळ अजून पाण्यावर चालतं. जेट्टीकडे जाताना मासळी सुकल्याचा वास, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, आणि पलीकडे उंच इमारतींचे दिवे.

खेळ उघड्यावर, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. साडेसहाला वारा सुटला आणि पडदा फुगायला लागला. आम्ही तो चारही कोपऱ्यांनी घट्ट ताणत होतो, तसतसा सांगाडा मागे झुकत होता. दोन कोळी दादा जरा वेळ बघत राहिले, मग एकाने माझ्या हातातली दोरी घेतली. वरचे कोपरे आवळले, खालचे मुद्दाम ढिले सोडले. वारा खालून निघून जायला लागला आणि पडदा नुसता श्वास घेतल्यासारखा हलत राहिला. शिडाचं ज्ञान ते.

दोनशेच्या वर माणसं जमली. काकू पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून. त्या पडद्यावर आल्या तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. हातांचा शॉट आला तेव्हा काकूंनी आपले हात पदराखाली घेतले. नौपाड्यात याच जागी शांतता होती. इथे कुजबुज सुरू झाली, मग कुणी हसलं, मग बरेच जण हसले. मागच्या रांगेत मुलगा माझ्या शेजारीच होता. त्याचा गुडघा थरथरत होता.

फिल्म संपल्यावर एक म्हातारे काका उभे राहिले. रागाने नाही, अगदी मायेने विचारलं, "पोरा, ही एकच सकाल हाय का?"

मुलगा हो म्हणाला.

"मंग भरती झाली, लगेच सुकती झाली, परत भरती झाली, ती कशी?"

आणि त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या शॉटमध्ये जेट्टीची वरची दुसरी पायरी पाण्याला लागलेली आहे. पुढच्यात होडी चिखलात बसलीय. तिसऱ्यात, जिथे काकू कोळंबी निवडतायत, मागे परत पाणी आहे, पण पाचव्या पायरीवर. भरतीचं पाणी उतरायला सहा तासांवर लागतात, ते तू दोन मिनिटांत उतरवलंस. आणि दुसऱ्या पायरीवरचं पाणी उधाणाचं, अमावास्या-पुनवेच्या सुमाराचं. पाचव्या पायरीवरचं भांगाचं, अष्टमीच्या सुमाराचं. म्हणजे या दोन चित्रांमध्ये आठवडा गेलाय.

सगळं खरं होतं. मुलाने शूटिंग दोन वेळा केलं होतं, आठ दिवसांच्या अंतराने. मी ती फिल्म पंधरा वेळा पाहिली होती, तीन परीक्षकांनी पाहिली होती, अख्ख्या नौपाड्याने पाहिली होती. आमच्यापैकी कुणालाही पाणी दिसलं नव्हतं. आम्हाला ते पाठीमागचं दृश्य वाटलं.

खेळ आटोपल्यावर मुलगा कितीतरी वेळ त्या काकांबरोबर जेट्टीच्या पायऱ्यांवर बसला होता. परत आला तो ठरवूनच. "ताई, मी आज रात्री परत कापतो. उद्या नेरुळला नवीन लावा."

यावर आमच्यात वाद झाला. निवड झालेली फिल्म मध्येच बदलू नये, हा आमचा नियम आणि तो मला पटतो. नाहीतर प्रत्येक जण प्रत्येक गावानंतर कापत बसेल. पण हेही खरं की लोक बघतात म्हणजे काय, ते या मुलाला आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि त्यावर त्याला काही करायचं होतं. त्याला अडवून आम्ही काय मिळवणार होतो? शेवटी आमच्या प्रमुख ताईंनी परवानगी दिली. मी एकच अट घातली, जुनी फाइल डिस्कवरून पुसायची नाही.

रात्रभर तो नेरुळच्या मित्राच्या खोलीवर बसला. पहाटे पाचला मला त्याचा मेसेज: "झालं. नऊ मिनिटं. एकाच दिवसाचं पाणी. हातांचा शॉट गेला."

मला झोप लागली नाही.

रविवार, नेरुळ

शेवटचा खेळ एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. सकाळी वेळ होता म्हणून आम्ही तिघी फ्लेमिंगो बघायला तलावाकडे गेलो. थोडेसेच होते, लांबवर, गुलाबी ठिपके. ठाणे खाडीचं अभयारण्य त्यांच्यासाठी 2015 मध्ये जाहीर झालं आणि भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते या तळ्यांवर विसाव्याला येतात. कालच्यानंतर मी पहिल्यांदा पक्ष्यांच्या आधी पाणी बघितलं.

खेळ छान झाला. मुंगीला, जिन्याला, पोत्यांना, सगळ्यांना. दिवाळ्याची नवी फिल्म नीट, सरळ, खरी होती. होडी सुकतीला चिखलात बसलेली, मग पाणी पायरी पायरीने चढतं, होडी हलते. मुलाने पाण्यालाच फिल्मचं घड्याळ केलं होतं. काल जे शिकला ते सगळं त्यात होतं. तरी मधल्या जागी, जिथे हात होते तिथे, मला पोकळी जाणवत राहिली.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेत काकू दिसल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण. ती उरणला असते, तिथून आता थेट नेरुळपर्यंत गाडी येते, तिने आली होती. काकूंनी तिला फोन करून बोलावलं होतं.

त्या मुलाजवळ आल्या. "पोरा, माझे हात कुठं गेले?"

मुलाने सांगायचा प्रयत्न केला. पाणी, पायरी, अष्टमी. काकू ऐकत होत्या, मान हलवत होत्या, त्यांना ते सगळं त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बहीण मध्ये काहीच बोलली नाही, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली.

हॉलचे काका किल्ल्या घेऊन दारात थांबले होते. मी त्यांच्याकडे पाच मिनिटं मागितली. पडदा अजून उतरवला नव्हता. डिस्क परत लावली, जुनी फाइल उघडली, सरकवत त्या जागी नेली. दोघी बहिणी पहिल्या रांगेत बसल्या. मुलगा त्यांच्यामागे खुर्चीची पाठ धरून उभा.

आठ फुटांवर ते हात आले. बांगड्या, व्रण, नखाशी चिकटलेलं कवच. कोळंबी उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. बहीण पुढे झुकली.

"कवाचं गं हे?" तिने विचारलं.

"अष्टमीचं," काकू म्हणाल्या. "मागं पानी बघ ना."